बग बाउंटी की ऑडिट स्पर्धा?
दर्यापूरकडच्या एका पोराचा प्रश्न: सॉलिडिटी (ब्लॉकचेनवरचे प्रोग्राम लिहायची भाषा) येते, आता इम्युनेफायवर (चालू प्रकल्पांतल्या चुका कळवून बक्षीस, म्हणजे बाउंटी, मिळवायची साइट) बग शोधू की शेरलॉकच्या स्पर्धेत (जिथे अनेक जण ठरल्या मुदतीत एकच कोड तपासतात) उतरू?

पैसा: बाउंटीत साधारणपणे पहिल्या वैध रिपोर्टलाच बक्षीस. वर्महोल या ब्रिजने (एका ब्लॉकचेनवरून दुसरीवर पैसे नेणारी सेवा) 2022 मध्ये एका बगचे 1 कोटी डॉलर दिले, पण असा कोड आधीच अनेकांनी चाळलेला असतो. स्पर्धेत तोच बग दहा जणांना सापडला तर वाटा घटतो, बुडत नाही.

मेहनत: बाउंटीला चालवून दाखवता येईल असा पुरावा हवा. फाउंड्री या टेस्टिंगच्या साधनात मेननेटचा (खऱ्या पैशांच्या ब्लॉकचेनचा) लोकल फोर्क, म्हणजे आपल्या संगणकावरची नक्कल, घ्या, ती कोणत्या ब्लॉकपासूनची तो नंबर पक्का करा, हल्ल्याआधीची आणि नंतरची शिल्लक टेस्टमध्ये छापा. प्रत्यक्ष मेननेटवर करून पाहिलं की अपात्र!

वेळ: स्पर्धेला मुदत असते, लाइन गेली तरी घड्याळ चालूच.

नवख्याने स्पर्धाच धरावी, निकालानंतर इतरांचे बग वाचावेत. बाउंटी त्याच्यासाठी, ज्याला लेंडिंग (कर्ज देण्याघेण्याच्या) प्रकल्पांचा किंवा ब्रिजचा कोड पाठ आहे आणि घरखर्चाला दुसरी कमाई आहे.