कुलपापेक्षा कोयंडा बघा: गाडीच्या चोरीरोधक सामानाची परीक्षा

दाराला कितीही भारी कुलूप लावलं तरी चोर कुलपाच्या नादी लागत नाही, तो कोयंडा उचकटतो. गाडीसाठी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक चोरीरोधक वस्तूला हीच कसोटी लावायला हवी. वस्तूचं पोलाद किती कडक आहे हे खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. ती जिथे अडकवायची ती जागा किती मऊ आहे, याबद्दल खोकं गप्प असतं. ही परीक्षा त्या जागेची आहे.

स्टिअरिंग लॉक

सगळ्यांच्या ओळखीचा प्रकार म्हणजे दोन हुकांचा लांब दांडा. दांडा खरोखरच मजबूत असतो, पण तो अडकतो स्टिअरिंगच्या कड्यात. त्या कड्यात फोम आणि चामड्याच्या आत मऊ मिश्रधातूचा किंवा पातळ पोलादाचा सांगाडा असतो. साध्या हॅकसॉने कड्याला एक काप दिला, कडं थोडं वाकवलं की दांडा अख्खाच्या अख्खा बाहेर येतो. कुलपाला ओरखडाही उठत नाही. तरीही दांडा घ्यायचाच असेल तर कड्यासोबत मधल्या आऱ्यालाही कवेत घेणारा घ्या. लावल्यावर त्याचं लांब टोक काचेला किंवा दाराला अडून स्टिअरिंग पाव फेरासुद्धा फिरू देत नाही ना, हे पाहा. नुसता लोंबकळणारा दांडा शोभेचा.

पूर्ण स्टिअरिंग झाकणारी तबकडी, म्हणजे डिस्कलॉकसारखी वस्तू, ही अडचण मुळातूनच सोडवते. कडंच झाकलं गेल्यावर कापायचं काय? तिचा दुसरा फायदा फारसा बोलला जात नाही: एअरबॅगही तिच्याखाली जाते. स्टिअरिंगमधली एअरबॅग काढायला सोपी आणि विकायला त्याहून सोपी, त्यामुळे काही गाड्यांत चोर तेवढ्यासाठीच काच फोडतो. मागवण्याआधी स्टिअरिंगचा बाहेरचा व्यास उभा आणि आडवा असा दोन्ही मोजा. खालून सपाट असलेल्या स्टिअरिंगमध्ये दोन्ही मापं वेगळी येतात आणि सैल तबकडी पहारीला तोंड घालायला जागा देते. तोटा एकच, ती अवजड आहे. गाडी चालवताना ती ड्रायव्हरच्या सीटखाली कधीही ठेवू नका, घरंगळून ब्रेकच्या पेडलमागे अडकली तर चोर परवडला असं वाटेल.

कुलपात तेल सोडायची सवय मोडा. तेलावर धूळ बसते आणि चावी रुतायला लागते. ग्राफाइटची पूड चालते.

चाकांचे लॉक नट

ही या यादीतली कमी खर्चाची आणि सर्वात जास्त चुकीची बसवली जाणारी वस्तू. संच चार नटांचा असतो, प्रत्येक चाकाला एक. सोबत नक्षीदार चावी मिळते, ती नटावर बसवून मग पाना लावायचा.

पहिली चूक खरेदीतच होते. फक्त आट्यांचं माप बघून भागत नाही. एम१२×१.५, एम१२×१.२५ आणि एम१४×१.५ ही नेहमी भेटणारी मापं (व्यास आणि आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये), पण त्याच मापात बैठक, म्हणजे नट चाकाला टेकतो तो भाग, तीन तऱ्हेची असते: ६० अंशांची शंकूसारखी, गोलाकार आणि सपाट. शंकूच्या जागी गोल नट लावला तर तो पूर्ण पृष्ठभागावर न टेकता एका बारीक रेषेवर टेकतो. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, बरोबर दाखवतो, आणि काही दिवसांत सैल होतो. अलॉय चाकाचं भोक अरुंद असेल तर नटाचा बाहेरचा व्यासही तपासा, नाहीतर नट बैठकीपर्यंत पोचायच्या आधीच भोकाच्या भिंतीला घासतो.

दुसरी चूक न्यूमॅटिक गनची. हवेच्या गनने लॉक नट आवळला की चावीच्या नक्षीचे दात तुटतात किंवा नट असा बसतो की मालकालाच निघत नाही. आधी हाताने आटे धरवा, मग टॉर्क रेंचने गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यापर्यंत आवळा. बऱ्याच लहान गाड्यांना तो १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, मोठ्यांना जास्त. पन्नास ते शंभर किलोमीटर चालवून पुन्हा एकदा टॉर्क लावून बघा. टायरवाल्याकडे गाडी देताना "लॉक नटला गन लावू नका" हे तोंडी सांगावंच लागतं.

चोर नटाची नक्षी जुळवत बसत नाही. तो किंचित लहान मापाचा बारा कोनी सॉकेट हातोड्याने नटावर ठोकून बसवतो आणि फिरवतो. म्हणून नटाभोवती मोकळी फिरणारी बाही असलेला प्रकार घ्यावा. सॉकेट बाहीला पकडतो आणि बाही नुसतीच गरगरते. मॅकगार्डसारख्या कंपन्यांचे बाही नसलेले आणि बाहीवाले असे दोन्ही प्रकार मिळतात, बाहीवाल्याला जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे. फक्त भोकात ती बाही मावते का ते आधी मोजा.

आता कोयंडा. चावी कुठे ठेवता? दहातले नऊ जण ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा डिकीत जॅकजवळ, आणि चोरही काच फोडून तिथेच हात घालतो. ती गाडीत हवीच, नाहीतर पंक्चर झाल्यावर रस्त्यात बसाल. पण सीटच्या खोळीत, कार्पेटखाली, कुठेतरी हात चटकन न जाणारी जागा शोधा. नक्षीचा कोड लिहिलेलं कार्ड मात्र घरीच. चावी हरवली तर दुसरी त्या कोडवरूनच मागवता येते.

गाडीच्या पोटाखाली टांगलेली स्टेपनी असेल तर तिची तार बोल्टकटरने एका फटक्यात तुटते. स्टेपनी उतरवायच्या भोकाला कुलूप लावण्यापेक्षा रिमच्या छिद्रातून चासीला कठीण पोलादाची साखळी घाला.

कॅटालिटिक कन्व्हर्टरचं कवच

सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे महागडे धातू असतात. हायब्रिड गाड्यांचा कन्व्हर्टर चोरांना विशेष प्रिय, कारण इंजिन मध्ये मध्ये बंद असल्याने त्यातला धातूचा थर कमी झिजतो. २००४ ते २००९ मधली प्रियस याच कारणाने बदनाम झाली. उंच गाड्यांना तर जॅकही लागत नाही. बॅटरीवरची मागेपुढे चालणारी करवत, पाइपला दोन काप, मोजून काही मिनिटं.

कवच म्हणजे पोटाखाली बसणारी ॲल्युमिनियमची किंवा स्टेनलेस स्टीलची प्लेट. ॲल्युमिनियम हलकं, गंजत नाही, पण लवकर कापलं जातं. स्टीलला वेळ लागतो आणि आवाजही मोठा होतो. मात्र प्लेट कशाची हा दुय्यम प्रश्न आहे. बघायचे ते बोल्ट. पुष्कळ संचांत मध्ये टोक असलेले टॉर्क्स, म्हणजे चांदणीसारख्या खाचेचे, बोल्ट देतात आणि "चोराला उघडता येणार नाहीत" म्हणून सांगतात. त्याचे बिट हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या संचात मिळतात. ठरावीक ताण आला की डोकं तुटून पडणारे बोल्ट, किंवा निदान दोन-तीन जागी रिव्हेट, हे खरं उत्तर. दुसरं, प्लेट जिथे जोडली जाते ती गाडीची बॉडी पातळ पत्र्याची आहे की चासीचा जाड भाग, हेही खाली वाकून बघा. पातळ पत्र्यातला बोल्ट पहारीने आख्खा उपटून येतो.

बसवताना होणारे घोळ ठरलेले. कन्व्हर्टर चालू गाडीत कित्येक शे अंशांपर्यंत तापतो, त्यामुळे प्लेटमध्ये हवेची छिद्रं आणि मधे मोकळी जागा हवी. प्लेट कुठे टेकली तर न्यूट्रलला खडखड सुरू होते आणि लोक कंटाळून ती काढून टाकतात. इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट प्लेटखाली झाकला जात असेल तर त्यासाठी स्वतंत्र झडप असलेलंच मॉडेल घ्या. नाहीतर प्रत्येक सर्व्हिसला प्लेट निघेल आणि दरवेळी एक-दोन बोल्ट "राहून" जातील. तिसऱ्या सर्व्हिसनंतर कवच चार बोल्टांवर लटकत असतं.

दुसरा पर्याय तारेच्या पिंजऱ्याचा. पिळाची पोलादी तार कापताना करवतीचं पातं अडकतं, धागे सुटतात, पातं तुटतं. कल्पना चांगली, पण तार फक्त एक्झॉस्टच्या पाइपलाच गुंडाळली असेल तर चोर पिंजऱ्याच्या बाहेरून पाइप कापतो आणि पिंजऱ्यासकट माल नेतो. तार चासीला बांधलेलीच हवी. एक्झॉस्ट रबराच्या टांगणीवर हलता असतो, म्हणून तारेला थोडी ढील ठेवावी लागते. ताणून बांधली तर घरघर केबिनमध्ये येते आणि जोडाला तडे जातात. वेल्डिंग करून घेत असाल तर आधी बॅटरीची ऋण तार काढायला लावा, इलेक्ट्रॉनिक्सची राख व्हायला एक ठिणगी पुरते.

चावीचं पाकीट, पोर्टचं कुलूप आणि इमोबिलायझर

खिशातून न काढता चालणाऱ्या चावीला गाडी साधारण १२५ किलोहर्ट्झवर हाक मारते आणि चावी ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर देते. दोन चोर दोन यंत्रं घेऊन ही हाक घरातल्या चावीपर्यंत लांबवतात. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्येच दहा मॉडेलांवर हा प्रकार करून दाखवला होता. सिग्नल अडवणारं पाकीट स्वस्त आहे आणि काम करतं. गंमत अशी की कमी वारंवारतेची हाक पातळ अस्तरातून बऱ्यापैकी आत जाते, पाकीट मुख्यतः चावीचं उत्तर कोंडतं. घडीच्या जागी अस्तराला भेगा पडल्या की मात्र उत्तर बाहेर येतं. म्हणून महिन्यातून एकदा चावी पाकिटात घालून गाडीला चिकटून उभे राहा आणि हँडल ओढा. दार उघडलं तर पाकीट फेका. आणि कपाटातली दुसरी चावी? तिलाही पाकीट हवं, हे नेमकं विसरलं जातं. काही चाव्या थोडा वेळ हलल्या नाहीत की आपोआप झोपतात. तशी असेल तर पाकिटाची गरजच नाही.

२०२३ मध्ये चर्चेत आलेली कॅन इंजेक्शनची चोरी चावीला विचारतच नाही. हेडलाइटच्या मागची वायर गाठून चोर गाडीच्या अंतर्गत जाळ्यात "चावी बरोबर आहे" असा खोटा निरोप टाकतो. इथे पाकीट निरुपयोगी. डायग्नॉस्टिक पोर्टवर, म्हणजे गॅरेजचं तपासणी यंत्र जोडायच्या जागेवर, बसणारं पोलादी टोपणही निम्मंच काम करतं: नवी चावी प्रोग्राम करणाऱ्याला अडवतं, पण पोर्टच्या मागच्या तारा उघड्या असतील तर चोर टोपणाकडे बघतही नाही. पोर्टच्या मागून कंस लावून तारा झाकणारं मॉडेल असेल तरच घ्या.

या गटातली सर्वात पटणारी वस्तू म्हणजे स्टिअरिंगवरच्या बटणांनी पिन मागणारा वेगळा इमोबिलायझर. चावी कुठलीही असो, पिनशिवाय इंजिन सुरू होत नाही. बसवणारा माहीतगार हवा आणि सर्व्हिसला देताना सर्व्हिस मोड चालू करायला विसरू नये.

हातचा उपाय म्हणजे गुप्त किल स्विच, इंजिन सुरूच होऊ न देणारं लपवलेलं बटण. जुन्या, रिलेवर (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचवर) चालणाऱ्या पेट्रोल गाड्यांत फ्यूएल पंपाचा प्रवाह थेट छोट्या स्विचमधून नेऊ नका. पंप बऱ्याचदा ५ ते १० अँपिअर ओढतो, स्विच तापतो आणि भर रस्त्यात गाडी बंद पडते. त्याऐवजी पंपाच्या रिलेची कॉइल, म्हणजे ८५ किंवा ८६ क्रमांकाची पिन, स्विचमधून घ्या. तिथे एका अँपिअरचा लहानसा अंश वाहतो. जोड डाग देऊन वर हीटश्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, चढवा, नुसती टेप उन्हात सुटते. पिवळ्या आवरणातल्या तारांना हात लावायचा नाही, त्या एअरबॅगच्या. पंप संगणकातून चालवणाऱ्या नव्या गाड्यांत हा प्रयोग करू नये.

काचेची फिल्म

बाजूच्या काचा बहुधा टेम्पर्ड असतात आणि एका ठोक्यात त्यांचे दाणे होतात. पारदर्शक सुरक्षा फिल्म, १०० मायक्रॉन किंवा त्याहून जाड, ते दाणे धरून ठेवते. पण सरकती काच चौकटीला चिकटलेली नसते. तडकलेली काच फिल्मसकट चादरीसारखी आत ढकलता येते. मिळतात ते काही सेकंद आणि बराच आवाज. काचेच्या कोपऱ्यावरचा शिक्का वाचा, लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली) असेल तर फिल्मवर खर्च करू नका. लावली तर तीन-चार दिवस काच खाली करायची नाही, कडा गोळा होतात. अपघातात बाहेर पडणंही तितकंच अवघड होतं, हेही धरून चाला.

ट्रॅकर आणि कॅमेरा

ट्रॅकर चोरी थांबवत नाही, गाडी शोधायला मदत करतो. सुट्या भागांच्या चोरीत त्याचा उपयोग शून्य. स्वतःची बॅटरी असलेला घ्या, कारण मुख्य तार तोडणं हे चोराचं पहिलं काम. ब्लूटूथ टॅग स्वस्त, पण पाळत रोखण्याच्या सोयीमुळे तो चोराच्याच फोनवर "तुमच्यासोबत एक टॅग फिरतोय" असं कळवू शकतो.

चाकं आणि कन्व्हर्टरसाठी नुसत्या धक्क्याच्या सेन्सरपेक्षा झुकाव ओळखणारा अलार्म बरा, जॅक लागताच तो बोंबलतो. सायरन स्वतःच्या बॅटरीचा आणि बॉनेट उघडताच वाजणारा हवा.

पार्किंग मोडचा, म्हणजे उभ्या गाडीतही चालू राहणारा, कॅमेरा सुमारे ०.३ अँपिअर घेत असेल तर बारा तासांत ३.६ अँपिअर-तास जातात. ४५ अँपिअर-तासांच्या चांगल्या बॅटरीला ते झेपतं, दोन-तीन दिवस उभ्या गाडीला नाही. कॅमेरा गाडीच्या तारांना जोडणाऱ्या हार्डवायर किटचं कट-ऑफ, म्हणजे कॅमेरा बंद करण्याची मर्यादा, १२ व्होल्टच्या खाली ठेवू नका. उन्हात उभी राहणाऱ्या गाडीत लिथियम बॅटरीचा नव्हे, सुपरकपॅसिटरचा कॅमेरा लावा. आणि चित्रण फक्त आतल्या कार्डावर साठत असेल तर चोर कॅमेरा उचलतो तेव्हा स्वतःचा पुरावाही बरोबर घेऊन जातो.