अवयव पाहायचा की जनुक?

प्रगत कर्करोगावरचं नवं औषध तपासताना रुग्ण निवडायचे कसे? जुनी रीत अवयवाची: फुप्फुसाचे रुग्ण एका चाचणीत, आतड्याचे दुसऱ्या. 'बास्केट' चाचणीत मात्र गाठ कुठेही असो, जनुकातला बिघाड एकच हवा.

दुर्मिळ बिघाडांसाठी मला बास्केटच योग्य वाटते. एनटीआरके जनुकांची चुकीची जोडणी झालेल्या गाठी इतक्या विरळ, की एकाच अवयवाचे पुरेसे रुग्ण जमवण्यात वर्षं जातील. प्रगत आजारात तेवढा वेळ कुणाकडे असतो? याच बिघाडावरच्या लारोट्रेक्टिनिब या औषधाच्या चाचण्यांत १७ प्रकारच्या गाठींचे ५५ रुग्ण होते, चार महिन्यांच्या बाळापासून ७६ वर्षांच्या व्यक्तीपर्यंत. ७५ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आकसल्या आणि २०१८मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

पण अवयव विसरून चालत नाही. बीआरएएफ जनुकातला व्ही६००ई नावाचा बिघाड मेलानोमात, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगात, असेल तर व्हेमुराफेनिब हे औषध गाठ आकसवतं. तोच मोठ्या आतड्याच्या कर्करोगात असेल तर हे औषध एकटं फारसं चालत नाही, कारण तिथल्या पेशी ईजीएफआर या पेशीवरच्या, वाढीचा संदेश घेणाऱ्या प्रथिनाच्या वाटेने तो संदेश पुन्हा मिळवतात.

शिवाय बास्केटमध्ये बहुधा तुलनेसाठी दुसरा गट नसतो. गाठ आकसली हे कळतं. आयुष्य किती वाढलं हे ठामपणे सांगायला यादृच्छिक विभागणीची, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्ण गटांत वाटणारी, मोठी चाचणी लागते.