फिट्झरॉय गार्डन्स: इवलंसं गाव की कुकचं घर?

मेलबर्नच्या या बागेत इंग्लंड दोनदा भेटतं. इंग्लिश दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या आईवडिलांचं घर खरंखुरं, १७५५ सालचं. यॉर्कशरमध्ये वीट न् वीट सुटी करून १९३४ साली जहाजाने इथे आणलं आणि पुन्हा उभारलं. आत जायला तिकीट आहे. इतिहासाची आवड असेल तर जरूर बघा; मात्र कुक स्वतः त्यात राहिल्याचा पुरावा नाही.

माझं मत झाडांखालच्या ट्यूडर गावाला, म्हणजे ट्यूडर राजांच्या काळातल्या इंग्लिश गावाच्या इवल्याशा प्रतिकृतीला. जरा वाकून बघा, म्हणजे पांढऱ्या भिंतींवरच्या काळ्या पट्ट्या, उतरती छपरं नीट दिसतात. शेक्सपिअरचं घरही त्यातच. दुसऱ्या महायुद्धाने ब्रिटनमध्ये अन्नाची टंचाई झाली, तेव्हा मेलबर्नकरांनी अन्न पाठवलं. त्याची जाण ठेवून लंडनच्या लॅम्बेथ भागातल्या लोकांनी १९४८ मध्ये हे गाव भेट दिलं. घडवलं एडगर विल्सन या पेन्शनर गृहस्थांनी. स्वतःकडे टंचाई असताना लॅम्बेथकर उपकार विसरले नाहीत, हे मला फार भिडतं.

शिवाय इथे तिकीट नाही की जिना नाही. गुडघे दुखणारे आजीआजोबा आणि नातवंडं सोबत असतील तर आधी इकडेच या.