घासून जुनी केलेली सिग्नेचर गिटार: उन्हाळा-पावसाळा वाजवल्यानंतरचा अनुभव

पर्ल जॅम या अमेरिकन रॉक बँडचा गिटारवादक माइक मॅक्रेडी याच्या नावाने निघालेली (म्हणजे सिग्नेचर) फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकॅस्टर ही इलेक्ट्रिक गिटार नागपूरच्या एका वादकाकडून सेकंडहँड घेतली. मेक्सिकोत बनलेली, नायट्रो लॅकरची (जुन्या पद्धतीचं पातळ वॉर्निश), रंग कारखान्यातच मॅक्रेडीच्या जुन्या गिटारसारखा घासून उडवलेला. दारव्हा, दिग्रस, पुसद पट्ट्यातल्या भीमगीतांच्या कार्यक्रमांत आणि लग्नांच्या ऑर्केस्ट्रात आता हीच वाजवतो.

आधी नेकबद्दल, म्हणजे डाव्या हातात धरायच्या लांब दांड्याबद्दल, कारण पैसे तिथेच वसूल होतात. माझ्या गिटारच्या नेकचं मागचं लॅकर पार घासलेलं आहे, लाकूड हाताला लागतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे रात्री दहालाही मांडवात घामाच्या धारा असतात. चकचकीत नेकवर अंगठा चिकटतो, वरच्या फ्रेटकडे (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांकडे) जाताना हात अडतो. हिच्यावर तो सरळ सरकतो. वर्षानुवर्षं वाजलेल्या गिटारचा हा एक गुण खरोखर विकत मिळतो.

बॉडीची गोष्ट वेगळी. उजव्या हाताखाली रंग उडालाय तो मॅक्रेडीच्या सवयीने. मी बरेचदा खुर्चीवर बसून वाजवतो, माझा हात तिथून चार बोटं खाली पडतो. माझ्या स्टीलच्या कड्याचे ओरखडे ब्रिजजवळ (बॉडीवर तारा जिथे टेकतात तिथे) उमटायला लागलेत. जवळून बघितलं की फरक दिसतो: कारखान्यातल्या झिजेच्या कडा गुळगुळीत, माझ्या ओरखड्यांच्या पांढुरक्या आणि धारदार. मला हे ओरखडे जास्त आवडतात.

आमचा ढोलकीवाला म्हणाला, "काहून गा, इतके पैशे देऊन फुटकी आनली?" प्रश्न रास्त आहे. आयरिश गिटारवादक रोरी गॅलाहरच्या १९६१च्या स्ट्रॅटचा (स्ट्रॅटोकॅस्टरचा) रंग त्याच्या घामाने आणि अखंड वाजवण्याने गेला, तो असा विकत घेता येत नाही. पण अस्सलपणाचा हिशेब इतका सोपाही नाही. मॅक्रेडी स्वतःची मूळ गिटार कितीतरी वर्षं १९५९ची समजत होता. फेंडरने प्रतिकृतीसाठी तपासली तेव्हा ती १९६०ची निघाली. तेवढ्याने त्याने वाजवलेला एकही सूर खोटा ठरला नाही.

आवाजाचं थोडक्यात: रंग उडवल्याने टोन सुधारतो यावर माझा विश्वास नाही. पिकअप (तारांखालची, आवाज पकडणारी चुंबकं), तारा आणि हात, बस्स.

काळजी मात्र घ्यावी लागते. नायट्रो पातळ आणि नाजूक असतं. गाडीतल्या एसीतून एकदम ४५ अंशांच्या उन्हात काढू नका, लाकूड आणि लॅकर सारख्याच प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, बारीक भेगा पडतात. केस आधी सावलीत ठेवा, मग उघडा. स्टँडच्या रबराने हे लॅकर मऊ पडून चिकटतं, म्हणून मी रबरावर सुती कापड गुंडाळतो. पावसाळ्यात कार्यक्रम संपला की तारा आणि ब्रिज कोरड्या फडक्याने पुसतो.

घ्यायची असेल तर फोटो बघून ठरवू नका. नागपूर-अमरावतीत कुणाकडे असेल तर जाऊन तासभर वाजवा, तेही पंखा बंद करून. नेक हातात बसला तरच घ्या.