शिसवी फळी दाखवली, आंबा दिला

जुन्या वाड्याचं लाकूड घेऊन काही बनवायचं डोक्यात असेल, तर ते चिरलं जात असताना तिथून हलू नका. माझे बारा हजार रुपये नेमके त्याच वेळात गेले.

मला अकूस्टिक गिटारच्या पाठीसाठी आणि बाजूंसाठी शिसवी हवं होतं. गिटारवाले ज्याला इंडियन रोजवुड म्हणतात ते आपलं शिसवीच. नवं लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये शोधता येतं, पण ते पुरतं वाळलेलं असेलच असं नाही. आणि गिटारची पाठ रंधून जेमतेम अडीच मिलिमीटरवर आणायची असते. ओलसर लाकूड पुण्याचा पावसाळा आणि त्यामागून येणारा कोरडा उन्हाळा काढताना वाकतं, सांध्यात तडकतं. म्हणून पन्नास-साठ वर्षं घरात मुरलेल्या लाकडाचा शोध.

ओळखीतून एका लाकूडवाल्याचा नंबर मिळाला. शहराबाहेर पत्र्याची शेड. ‘मॅडम, शनिवार पेठेतल्या वाड्याचा माल आहे, पानशेतचा पूर बघितलेला,’ हे गेल्या गेल्याच. (पुण्यात जुनं लाकूड विकणाऱ्या प्रत्येकाचा माल १९६१ चा पूर बघूनच आलेला असतो.) पण त्याने दाखवलेली वस्तू खरोखर अस्सल होती, आणि सगळी गोम तिथेच आहे. वाड्यांच्या तुळया, खांब बहुतेक सागवानी. शिसवी असायचं ते पलंगात, देव्हाऱ्यात, झोपाळ्यात. याने झोपाळ्याची फळीच बाहेर काढली. दोन इंच जाड, चार कोपऱ्यांत कड्यांची भोकं, भोकांभोवती लोखंडाचा निळसर काळा डाग लाकडात खोल उतरलेला. एका भोकावर पितळी चकती ठोकलेली. कोपऱ्यावर छोटा रंधा मारून बघितला तर जांभळट काळ्या रेघा आणि गोडसर वास. शंकेला जागाच नव्हती.

पैसे फोनवरून दिले. नाव भलतंच दिसलं तर म्हणाला, ‘भाच्याचं खातं आहे.’ बिल मागितलं तर, ‘शिसवीवर साइट्सची बंदी आहे, बिल करता येत नाही.’ ही निव्वळ थाप. साइट्स हा देशादेशांमधल्या व्यापाराचा करार आहे. २०१७ मध्ये शिसवी त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आलं आणि परदेशी पाठवताना कागदपत्रं लागायला लागली; २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूटही मिळाली. पुण्यातली झोपाळ्याची फळी पुण्यातच विकून पावती द्यायला साइट्स आडवं येत नाही.

आता फळी चिरून पातळ पानं काढायची होती. ‘मिलवर नंबर लावलाय, उद्या या.’ दुसऱ्या दिवशी पानं बांधून तयार. रंग गडद, वरून तेलाचा हात. भोकं कुठे गेली? ‘तो भाग उडवला, तुमच्या काय कामाचा?’ मग त्याने आपणहून स्पिरिटचं फडकं फिरवून दाखवलं, ते जांभळट झालं. इथे लक्ष द्या. खऱ्या शिसवीचाही रंग स्पिरिटमध्ये उतरतो आणि रंगवलेल्या लाकडाचाही. म्हणजे त्या फडक्याने काहीच सिद्ध होत नाही, पण बघणाऱ्याचं समाधान मात्र होतं.

घरी रंधा मारला. पहिली ढलपी काळपट, दुसरी तपकिरी, तिसरी फिकट पिवळट. रंग अर्धा मिलिमीटरसुद्धा आत गेला नव्हता. पान चिमटीत धरून पेराने ठोकलं. शिसवी टणकन वाजून घुमत राहतं, हे नुसतं ठप्प. गल्लीतल्या सुतारकाकांनी ढलपी चुरून बघितली आणि म्हणाले, ‘आंबा आहे हो हा.’ मग २० बाय १० सेंटिमीटरचा, ५ मिलिमीटर जाडीचा तुकडा कापून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. शिसवी असतं तर ८० ग्रॅमच्या आसपास भरलं असतं. हा ६२ भरला. आंब्याला मी नावं ठेवत नाही, ढोलकीचं खोड आंब्याचंही करतात. पण मग भाव आंब्याचा लावा.

काकांनी सांगितलेली युक्ती इथे देते. फळी चिरायला देण्याआधी तिच्या दोन्ही टोकांना, जाडीच्या अंगावर, खिळ्याने तिरका ओरखडा काढायचा. चिरल्यावर प्रत्येक पानाच्या टोकाला त्या ओरखड्याचा एकेक तुकडा येतो आणि पानं क्रमाने रचली की रेघ पुन्हा जुळते. बाहेरून आणलेल्या पानांवर ती जुळवणं जवळपास अशक्य. आणि उडवलेले तुकडेही ताब्यात घ्या, कड्यांच्या भोकांसकट.

फोनवर त्याचं उत्तर, ‘नैसर्गिक लाकूड आहे, रंग कमीजास्त होणारच.’ त्यानंतर मला ब्लॉक केलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. बिल नाही, त्यामुळे पैसे दिल्याची नोंद, फळीचे आणि ढलप्यांचे फोटो एवढाच आधार. दरम्यान माझ्या भावाने नवं गिऱ्हाईक म्हणून त्याच्याकडून फोटो मागवले. ‘वाड्यातली शिसवी फळी, एकच नग’ म्हणून तीच फळी आली. तुम्हाला दाखवली तर ओळखता यावी म्हणून सांगते: पितळी चकती एकाच भोकावर आहे आणि तिच्याशेजारी बोटभर रुंदीचा, ताज्या रंध्याचा पट्टा. तो मी मारलेला.