मालिकेतलं तान्हं बाळ आणि प्लॅटिनम सिलिकॉन : दिवाळीपासूनच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीपासून टीव्ही मालिकांसाठी नकली तान्ही बाळं बनवायला मी स्मूथ-ऑन कंपनीचं ड्रॅगन स्किन एफएक्स-प्रो हे प्लॅटिनम सिलिकॉन, म्हणजे प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने जमणारं रबर, वापरतोय. त्याआधी आमचं सगळं काम लेटेक्स आणि फोमवर चालायचं. दुपट्यात गुंडाळून आईच्या खांद्यावर टाकलं की लांबच्या शॉटला तेही खपून जातं. पण बारशाचा सीन असेल, आत्या कानात कुर्र करायला वाकली आणि कॅमेरा गालापाशी गेला, की लेटेक्स लगेच ओळखू येतं.

याचं कारण उजेडात आहे. लेटेक्सवर रंग वरून बसतो आणि प्रकाश तिथूनच परत फिरतो. खऱ्या त्वचेत तो थोडा आत शिरतो आणि रक्ताची लाली घेऊन बाहेर येतो. सिलिकॉन अर्धपारदर्शक असल्यामुळे रंग आतच घालता येतो. साच्यात पहिला पातळ थर मी जवळजवळ बिनरंगी ठेवतो, त्यात लाल आणि निळ्या फ्लॉकिंगची, म्हणजे बारीक रंगीत तंतूंच्या भुकटीची, चिमूट टाकतो, आणि गुलाबी रंग त्याच्या मागच्या थरात देतो. मागून लाइट आला की कानाची पाळी लालसर उजळते. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हे मटेरियल सोडणार नाही.

मिसळायला सोपं आहे, दोन डब्यांत येणारे दोन्ही भाग सारखे घ्यायचे. मी काट्यावर मोजून घेतो. माहितीपत्रकात हाताळायला १२ मिनिटं आणि जमायला ४० मिनिटं लिहिली आहेत, पण ते आकडे २३ अंश सेल्सिअसचे आहेत. मे महिन्यात मुंबईच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यातला बराच वेळ उडून जातो, आणि उरलेल्यातली दोन-तीन मिनिटं हवा काढायला व्हॅक्यूममध्ये जातात. त्यामुळे डबे आदल्या रात्रीपासून एसीच्या खोलीत ठेवतो. बाळाचं अख्खं धड ओतायचं असेल तर त्याच कंपनीचं ड्रॅगन स्किन १० मीडियम बरं. त्यात २० मिनिटं मिळतात, मात्र जमायला ५ तास लागतात.

गंधक आणि जमणं रोखणाऱ्या इतर पदार्थांचं पथ्य सगळ्यांत कडक आहे. गंधक असलेली मूर्तिकामाची प्लास्टिसिन, लेटेक्सचे हातमोजे, टिन-क्युअर आरटीव्हीचा (कथिलाच्या उत्प्रेरकाने जमणाऱ्या सिलिकॉनचा) जुना साचा, थ्रीडी प्रिंटचं रेझिन, यांपैकी कशाचाही संसर्ग झाला की तेवढा भाग कायमचा चिकट राहतो. कितीही वाट पाहिली तरी तो जमत नाही, खरवडूनच काढावा लागतो. ज्या वर्कशॉपमध्ये लेटेक्सचंही काम चालतं, तिथे ब्रश, वाट्या आणि टेबल वेगळं ठेवण्याची जागा असेल तरच या वाटेला जावं. मातीही बिनगंधकाचीच घ्यायची.

वजनाचा फायदा मात्र मी धरलाच नव्हता. नवजात बाळाच्या वजनाइतकं, म्हणजे ३ किलोच्या आसपास भरलं आणि मान सैल ठेवली, की अभिनेत्रीचा तळवा आपोआप डोक्याखाली जातो. हलक्या बाळाला घेताना दिग्दर्शकाला ते दर वेळी सांगावं लागायचं. मांड्या आणि पोटाला आणखी मऊपणा हवा असतो, तिथे सिलिकॉन मऊ करणारं स्लॅकर घालतो. प्रमाण वाढलं की पृष्ठभाग चिकट होतो, म्हणून हात थोडा आखडताच ठेवलेला बरा.

देखभाल लागते. दुपट्याचे तंतू, सेटवरची धूळ, सगळं अंगाला चिकटतं. पॅकअपनंतर साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडं करून टाल्कम पावडर लावायची. त्याने लाइटखालची चकाकीही मरते. वरचा रंग सिलिकॉनच्याच बेसमध्ये मिसळलेला हवा, ॲक्रिलिक सोलून निघतं. काख आणि बोटांची बेचकी लवकर फाटते. तिथे ओततानाच आत जाळीचं कापड बसवावं. फाटलंच तर सिल-पॉक्सी या सिलिकॉनच्या गोंदाने सांधता येतं.

किंमत देशी आरटीव्हीच्या कितीतरी पट आहे, त्यामुळे झाडून सगळी प्रॉप्स यात करू नयेत. गर्दीतलं, पाळण्यातलं, पाठमोरं बाळ लेटेक्सचं चालतं. क्लोज-अप असेल आणि कलाकार बाळाला उघड्या हातांनी धरणार असेल, तर निर्मात्याशी भांडून का होईना, हेच घ्या. एका विक्रेत्याने मला मुदत संपत आलेले डबे दिले होते, म्हणून तारीख वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. सुरुवातीला छोटा ट्रायल सेट पुरतो. त्यातलं चमचाभर तुमच्या मातीवर आणि साच्यावर ओतून बघा, आणि जिथे ते स्वच्छ सुटून येईल तिथेच पुढचं काम सुरू करा.