फिरनी खावी तर मिनारा मशिदीजवळच

रमजानात रोजा घरीच सोडते. खजूर, पाणी, मगरिबची म्हणजे सूर्यास्ताची नमाज. तरावीह, म्हणजे रमजानातली रात्रीची खास नमाज, आटोपली की मात्र आम्ही सगळे मुंबईत मोहम्मद अली रोडला, मिनारा मशिदीजवळच्या सुलेमान उस्मान मिठाईवाल्यांकडे. इथली फिरनी, म्हणजे तांदळाची घट्ट खीर, मातीच्या वाटीत मिळते. वर घट्ट साय, खाली तांदळाचा रवाळ कण. माती ओलावा शोषते, म्हणून पाणी सुटत नाही. मला केशरवाली सगळ्यात आवडते. मालपुवा अंडं घातलेला, भलामोठा, दोघांत एक पुरे. ‘अफलातून’ नावाची माव्याची मिठाई घरी न्यायला घ्याच, चांगली टिकते.

या गल्लीत मगरिबच्या वेळी अनोळखी माणूसही खजूर पुढे करतो, तुमचा रोजा आहे का विचारत नाही. माझ्या हिंदू मैत्रिणी दरवर्षी हक्कानं येतात. शेवटच्या दहा दिवसांत ईदच्या खरेदीची झुंबड असते. मुलं सोबत असतील तर त्याआधीच जा.